अहवाल पुरा वाचावा

नवी वस्ती, येलदरी
दि. २० जून १९७३

चि. सुनेत्रास तात्याराव मामाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. इकडं समदे खुशाल हायेत. लक्ष्मीअक्काचा खोकला कसा हाय ते कळव.

पत्रास कारण असं की, परवा आमच्या मच्छीमार सोसायटीची बैठक झाली. धरणात जमिनी गेल्या तवापासून आमच्या वस्तीची घरं ह्या पाण्यावरच जगायलीत, हे तुला ठावं हायच. औंदा दुष्काळानं पाणी तळाला गेलं, मासळी डबक्यात गोळा झाली आन जाळी फाटंस्तवर घावली. आता मात्र जाळ्यात काही यीना. कोणी म्हणतंय दुष्काळानं मासळी संपली, कोणी म्हणतंय चोरून धरायलेत. आमचे चेअरमन दत्तराव म्हणले, नुस्ती तोंडं वाजवण्यापेक्षा शिकलेल्या माणसाकडून रीतसर पाहणी करून घेऊ, अहवाल येईल तसं वागू. आन त्यांनी नाव घेतलं तुझं. कालेजात संख्याशास्त्र शिकवणारं दुसरं हाय कोण? मी म्हणलं, ती माझी सख्खी भाची हाय. तवा ते हसून म्हणले, मग तर लय बेस, उद्या तुमच्या वस्तीची तकरार राहायची न्हाई. त्या हसण्याचा मला उलगडा झाला न्हाई, पण पोरीचा मान झाला म्हणून छाती भरून आली.

तुझी मामी केशरबाई विचारायलीय, पोरीनं आकड्यासंगंच लगीन लावलंय का. सेलूचे ते मास्तर अजून तसेच हायेत.

अक्काला जय भीम सांग. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा मामा,
तात्याराव


परभणी
दि. २७ जून १९७३

ति. तात्याराव मामांस सुनेत्राचा सविनय जय भीम. वि. वि.

आईचा खोकला बरा आहे. सेलूच्या मास्तरांना माझ्या शुभेच्छा कळवा आणि त्यांनी वाट पाहू नये, असंही सांगा.

काम मी घेते आहे. दत्तरावांना आजच तसं लिहिलं. कोणत्या होड्यांची मासळी तपासायची, त्याची यादी ते स्वतः करून देणार, असं त्यांच्या पत्रात होतं. मी नको म्हटलं. दर खेपेला सगळ्या होड्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघतील त्याच तपासायच्या. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भांडं आधी ढवळलेलं असावं लागतं. वरवरची शितं कुणी निवडून हातात दिली, तर त्यावरून मी भाताबद्दल काही बोलणार नाही. आणि अहवाल होईल तो सगळ्या सभासदांसमोर पुरा वाचला जावा, हीही अट घातली आहे. त्यांनी होकार कळवला, तर पुढच्या रविवारी जिंतूरच्या गाडीने येते.

आता तुमच्याशी थोडं. तुम्ही माझे मामा आहात, तसेच त्या सोसायटीचे सभासदही आहात. जे निघेल ते मी लिहीन. कुणाला गोड लागेल, कुणाला कडू. तुम्हाला कडू लागलं तर चालणार नसेल, तर आत्ताच सांगा. मी हे काम सोडते, पण नंतर बदलणार नाही.

मामींना जय भीम. भाचीवर आहे तेवढाच जीव असू द्यावा.

आपली,
सुनेत्रा


नवी वस्ती, येलदरी
दि. १६ सप्टेंबर १९७३

चि. सुनेत्रास जय भीम आणि आशीर्वाद. तू गेल्यावर वस्तीत काय चाललंय ते सांगावं म्हणून लिहायलोय.

धरलेल्या मासळीच्या शेपटीची कड कातरून तू ती परत पाण्यात सोडलीस, तवापासून शेजारचा सटवाजी माझ्याशी धड बोलंना. हातातला घास पोरीनं पाण्यात फेकला म्हणतो. मी त्याला समजावलं. म्हणलं, जिंतूरच्या बाजारात काही माणसांच्या टोपीला चिंधी बांधून सोडलं, आन घटकाभरानं फिरताना जिकडंतिकडं चिंधीवाले दिसले, तर बाजार लहान समजायचा. हुडकून हुडकून एखादाच घावला, तर बाजार मोठा. तसंच कातरलेल्या शेपट्या जाळ्यात किती वापस येतात त्यावरून पाण्यात मासळी किती, ते पोरगी काढती. सटवाजी म्हणला, मग बाजारच का मोजंना!

दुसरं असं की, मागल्या रविवारी चिठ्ठी दत्तरावाच्या होडीची निघाली, आन त्यांचा मुकादम बन्सीधर तुला मासळी तोलू देईना. मी वर उभा राहून बघायलो होतो. तू तराजू मांडीवर घेऊन पावसात तशीच काठावर बसलीस. शेवटी त्यालाच लाज वाटली. तुझी मामी ते समद्या वस्तीला सांगत फिरायलीय. मुकादमानं चेअरमनकडं तकरार केलीय म्हणं, बाई हटवादी हाय. करू दे.

तू जूनमधी विचारलं होतंस, कडू लागलं तर. मी तवाच कळवलं होतं आन आता बी लिहितो, बेधडक लिही.

मामाची आठवण राहू दे, तेवढ्यावर आमी खूश.

तुझा मामा,
तात्याराव


परभणी
दि. २७ जानेवारी १९७४

ति. मामांस सविनय जय भीम. वि. वि.

अहवाल मी गेल्या सोमवारी दत्तरावांच्या हाती दिला. काम त्यांनी दिलं, म्हणून आधी त्यांना सांगणं भाग होतं. आता तुम्हाला सांगते. बसून वाचा.

धरणात मोठी मासळी अजून आहे. नाही ती पुढची पिढी. दुष्काळाने फटका बसला, पण तेवढंच कारण असतं तर यंदाच्या पावसाने घडी पुन्हा बसायला लागली असती. पावसाळ्यात मासळी अंडी घालायला पूर्णा नदी धरणात शिरते त्या तोंडाकडे वर चढते आणि नेमकी तिथेच लहानमोठं सगळं ओढून आणणारी दत्तरावांची ओढजाळी लागतात. पोटात अंडी असलेली मासळी किती येते, ते मी तोलून पाहिलं आहे. हे सर्वांत मोठं नुकसान. त्यातून जी पिल्लं वाचतात, ती आपल्या वस्तीजवळच्या ओढ्यात येतात. तिथे बारीक डोळ्यांची जाळी कुणाची असतात, ते तुम्हाला माहीत आहे. हे नुकसान पहिल्याच्या निम्म्याहून कमी आहे. पण आहे.

म्हणून मी शिफारस केली की, मृगापासून दोन महिने नदीचं तोंड आणि ओढा दोन्ही बंद ठेवावेत. बारीक जाळी कायमची बाद करावीत. ओढजाळं तोंडाशी कधीच लावू नये. आणि ज्या घरांची चूल त्यामुळे थंडावेल, त्यांना सोसायटीने त्या दोन महिन्यांत दुसरं काम द्यावं.

परवा दत्तराव घरी आले. संत्र्यांची करंडी आणली होती. अहवालाची तोंड भरून तारीफ केली आणि म्हणाले, ओढजाळ्यांचा भाग तेवढा काढा, बारीक जाळ्यांचा राहू द्या, सभासदांना पचेल असं असावं. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांशी त्यांचा घरोबा आहे, हेही जाता जाता सांगितलं. मी म्हटलं, दोन्ही भाग एकाच मोजणीतून आलेत. एक खोटा असेल तर दुसराही खोटा धरा आणि माझं नाव खोडा. संत्री आईने परत त्यांच्या गाडीत नेऊन ठेवली.

त्यांच्या त्या जून महिन्यातल्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. दोष भाचीनेच वस्तीवर ठेवला, तर वस्ती तक्रार कुणाकडे करणार? सभा २४ फेब्रुवारीला आहे. मी वाचायला येते आहे.

राग आला तर या पोरीवर काढा, मामींवर नको.

आपली,
सुनेत्रा


नवी वस्ती, येलदरी
दि. ३ फेब्रुवारी १९७४

सुनेत्रास,

पत्र मिळालं. वस्तीला वाचून दाखवलं. समदे माझ्याकडं बघायला लागले.

जमीन सरकारनं घेतली. उरला तो ओढा. तो आता भाचीनं घेतला. दत्तरावाचं पोट दुसरीकडं बी भरंल, त्यांची शेती हाय, आडत हाय. आमी त्या दोन महिन्यांत काय खावं ते तुझ्या शास्त्रात हाय का? काम द्यावं, असं लिहिलंस. देणारं कोण, दत्तराव?

बेधडक लिही म्हणलो होतो, ही माझी चूक. सभेला यायचं तर ये. आमच्या घरी उतरू नको.

तात्याराव


परभणी
दि. १० फेब्रुवारी १९७४

ति. मामांस सविनय जय भीम.

तुम्ही जय भीम लिहिला नाहीत, तरी मी लिहिते.

दत्तरावांना मी नाही म्हटलं, ते वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. तोच नकार तुमच्या वाट्याला आला, तर राग. मामा, माझ्याकडे दोन तऱ्हेचे नकार नाहीत. आपला म्हणून मी ओढा वगळला असता, तर ओढजाळ्यांबद्दल लिहिलेलं एक अक्षर कुणी खरं मानलं नसतं. भाची होती, मामाला वाचवलं, एवढंच म्हणाले असते. दोन्हीकडून उपयोगी पडावी म्हणून तर त्यांनी भाची नेमली.

त्या दोन महिन्यांत काय खावं, याचं उत्तर माझ्या शास्त्रात नाही. तुम्ही बरोबर विचारलंत आणि मला रात्रभर झोप नव्हती. पण ओढ्यातली पिल्लं अशीच धरली, तर चार वर्षांनी बारा महिने काय खावं, हा प्रश्न तुम्ही मला विचारणार. त्याचं उत्तर मी आज लिहिलं आहे. मी ते मागे घेणार नाही आणि माफीही मागणार नाही.

२४ ला येते. सोसायटीच्या ओसरीत शिदोरीची भाकरी सोडून खाईन. तुमच्या घरचा खरडा आठवेल, तेवढं आठवू द्या.

आपलीच,
सुनेत्रा


नवी वस्ती, येलदरी
दि. १९ फेब्रुवारी १९७४

चि. सुनेत्रास जय भीम.

तू २४ ला येऊ नको. सभा परवा १७ लाच उरकली. आमाला बी आदल्या सांजंला सांगावा आला.

दत्तरावानं तुझा अहवाल हातात धरला आन वाचला तो फकस्त आमच्या ओढ्याचा भाग. बारीक जाळी, पिल्लांचा नाश, समदं. वाचून माझ्याकडं बोट करून म्हणले, हे परक्यानं लिहिलं न्हाई, ह्यांच्याच भाचीनं लिहिलंय. लोक माझ्याकडं बघायले.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणलो, भाचीवर माझा राग हाय, तिनं माझ्या ताटात माती टाकलीय, ते आमचं घरातलं. पण तिनं लिहिलंय ते पुरं वाचा. नदीच्या तोंडाचं पान कुठं हाय? दत्तराव म्हणले, असं पान न्हाई. मी म्हणलो, हाय. आन तू लिहिलेलं जसं ध्यानात होतं तसं सांगितलं. अंड्यावरची मासळी, ओढजाळं, दोन्ही जागा बंद. आमचा ओढा बी सोडला न्हाई, तो बी सांगितला. म्हणलो, ओढा बंद करायला आमी कबूल, पण तोंड बंद होईल त्याच दिशी.

असं बोलून गेलो तवा मला कळलं, की ओढा बंद करायचं मी कबूल करून बसलो.

हात वर करायला लावले. बारीक जाळी बंद, ओढजाळी चालू, असा ठराव मंजूर झाला. आमी सभा सोडून आलो. सटवाजी बी आला.

खरडा मामीनं करून ठेवलाय. येशील तवा उतरायचं आमच्याच घरी.

तुझा मामा,
तात्याराव


परभणी
दि. २ मार्च १९७४

ति. मामांस सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, तात्या लहानपणापासून असाच, आधी भांडतो आणि मग खरं बोलतो.

दत्तरावांना रजिस्टर पत्राने कळवलं आहे की अर्धा वाचलेला अहवाल माझा नव्हे. त्यावर काल प्राचार्यांनी बोलावलं. तक्रार आली होती की मी बाहेरची कामं घेऊन लोकांना चिथावते. मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, यातलं चुकीचं वाक्य दाखवा, मी राजीनामा देते. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वाचला. मग म्हणाले, पाहू. अजून पाहताहेत. पाहू द्या.

येत्या रविवारी मी येते. सभा नसेल तर नसो, धरणाखालच्या बाजारात उभी राहून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचीन. ज्याला ऐकायचं तो ऐकेल. ओढजाळं ओढणारी माणसंही बाजाराला येतातच.

खरडा जपून ठेवा आणि माझ्या वाटणीची माया त्याच्याशेजारी.

आपली,
सुनेत्रा


नवी वस्ती, येलदरी
दि. २५ ऑगस्ट १९७४

चि. सुनेत्रास केशरबाई मामीचा जय भीम. हे मी माझ्या हातानं लिहायलेय. अक्षर वाकडं हाय, समजून घे. तुझे मामा लिहितो म्हणले, मी म्हणलं ऱ्हाऊ द्या, तुमी आपलीच तारीफ करचाल.

तू बाजारात वाचून गेलीस, त्याच्यावर वस्तीत लय दिवस भांडणं झाली. शेवटी आमी बायांनीच ठरवलं. मृग लागला तशी बारीक जाळी उतरवली आन चुलीत घातली. ठरावासाठी न्हाई. आमाला पटलं म्हणून. दोन महिने रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडली. हाताची सालं निघाली. कधी भाकरी होती, कधी नुस्ता अंबाडीचा पाला. खोटं कामून सांगू, तुला शिव्या बी दिल्या.

आन पाणी चढलं तशी दत्तरावाची ओढजाळी निघाली. तवा वस्तीच्या समद्या होड्या नदीच्या तोंडाला आडव्या लागलेल्या. पुढच्या होडीत तुझे मामा, शेजारी सटवाजी. बन्सीधर मुकादम म्हणला, हटा, न्हाईतर पोलिसात देतो. मामा म्हणले, आमी मासळी धरायलो न्हाई, होडीत बसलोत. बसायला बंदी असंल तर कागद दाखवा. फौजदार आले. त्यांनी होड्या धुंडाळल्या, जाळ्याचं एक सूत बी घावलं न्हाई. जाळं ओढणाऱ्या गड्यांनी बाजारात तुझं ऐकलं होतं. ते खाली मान घालून उभे राहिले, पण जाळं कोणी पाण्यात टाकलं न्हाई. असं पाळीपाळीनं दोन महिने सरंस्तवर बसलो. मी बी बसले. 

दत्तरावानं आमची नावं सोसायटीतून कमी करायची नोटीस धाडलीय. आमी जवाब दिलाय, की नावं काढायची तर अहवाल पुरा वाचून काढा.

आता कामाचं. वस्तीनं बसून ठरवलंय, की तुझ्याकडून पुन्हा पाहणी करून घ्यायची. ह्या खेपेला काम आमी द्यायलोत. आमी दोन महिने पोटाला चिमटा घेतला, त्याचा पाण्यात काही उपयोग झाला का न्हाई, ते तू येऊन बघ. मामा म्हणतात झालाच असंल. सटवाजीला तर आत्ताच पिल्लं दिसायलीत. त्यांचं ऐकू नको. तू म्हणली होतीस, एका पावसानं काही ठरत न्हाई. मग दोन पाऊस बघ, तीन बघ, आमी थांबतो.

आन उपयोग झाला नसंल, तर तसंच लिही. आमच्या तोंडाकडं बघून एक अक्षर बदलू नको. वस्तीत उभी राहून वाच. मी पुढं बसून ऐकीन.

अक्काला जय भीम. तू ये.

तुझी मामी,
केशरबाई