विमानाला बांधलेले गोंडे

अहिल्यानगर, मुलींचं वसतिगृह
१ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,
नात पंकजाचा सा. न. वि. वि. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागदावरच भांडते.

पोळ्याला घरी आले तेव्हा आमच्या कॉलेजचं छोटं विमान सोबत होतं. परत निघताना खोकं तुम्हीच बांधून दिलंत. परवा चाचणीच्या मैदानावर ते उघडलं तर काय, पंखांना लाल-पिवळे गोंडे! तुम्ही बाजारात बैलांसाठी विकता तेच! कात्री शोधेपर्यंत आमचा नंबर पुकारला. एका चार्जिंगवर बारा मिनिटं उडायला हवं होतं, सातव्या मिनिटाला खाली आलं. सगळे हसत होते, आबा. आता दोनच संधी उरल्यात. नाही जमलं तर आमची टीम स्पर्धेतून बाद. वर्षभर खपलेय मी यासाठी.

रागावलेली,
पंकजा

घोडेगाव
४ सप्टेंबर

चि. पंकजास,
गहिनीनाथ आबाचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचून डोकं फिरलं. सगळे गोंडे मिळून नव्वद ग्रॅम भरले, मी सोता काट्यावर तोललेत. तेवढ्यानं दमतं ते विमान कसलं? पोळ्याच्या दिवशी बैल सजवायचे अन् नातीचं विमान बोडकंच धाडायचं व्हय?

एक सांगतो, हळू चालवा. ट्रॅक्टर दामटला न्हाई की डिझेल कमी जातं, बॅटरीचंबी तसंच असंल. लई जागू नको, जेवत जा.

तुझा आबा

अहिल्यानगर
१० सप्टेंबर

ती. आबांस,
सा. न. वि. वि. कपाळावर हात मारून घेतला मी! प्रश्न वजनाचा नाहीच, हवेचा आहे. हवा विमानाला मागे खेचते, त्याला ड्रॅग म्हणतात. गोंडा हवेत आडवा येतो, तो एक. पंखावर तुम्ही ऑइलपेंटनं माझं नाव काढलंत, त्या खरखरीत थरावर हवा घासते, तो दुसरा. पंख आणि धड जुळतात तिथे दोरीचे वेढे दिलेत, तिथे दोन्हीकडची हवा एकमेकींत घुसते, तो तिसरा. मोटर बिचारी या तिघांशी झगडण्यातच संपली.

गोंडे काढले, दोरी सोडली, रंग घासून काढला. पण रिमोट आमच्या टीममधल्या हर्षलच्या हातात, आणि या शहाण्यानं तुमचं पत्र वाचलं होतं. उडवलं हळू! साडेनऊ मिनिटांत बॅटरी खलास. हळू गेलं की वजन पेलायला विमानाला नाक वर करावं लागतं. मग पंखांच्या टोकांना हवेचे मोठे भोवरे सुटतात आणि तेच मागे ओढतात. हा ड्रॅग वेग कमी झाला की वाढतो, पहिले तिन्ही ड्रॅग मात्र वेग वाढला की वाढतात. मधला वेग शोधायचा, इतकंच. वीस तारखेला सकाळी शेवटची संधी आहे. पाया पडते, सल्ला देऊ नका.

तुमची,
पंकजा

घोडेगाव
२१ सप्टेंबर

चि. पंकजास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या दिवशी आपल्या गावच्या अजिनाथच्या टेम्पोतून जाताना खिडकीबाहेर एक गोंडा धरला. टेम्पो पळाया लागला तसा हात मागं गेला, खांदा दुखला. नव्वद ग्रॅमचं कवतिक तिथंच संपलं. चूक माझी हुती, पोरी.

काल मी मैदानावर आल्तो. कुंपणाजवळच्या लिंबाच्या आड हुबा हुतो. तुझं विमान बारा मिनिटं अन् वर चाळीस सेकंद उडालं, घड्याळ लावून पाह्यलं. शेजारच्यानं इचारलं, कुणाचं हाय? मी म्हनलं, ठावं न्हाई. दोनदा तुझा घात केला, आता नात म्हनून कोणत्या तोंडानं सांगू? तुला दिसलो असतो तर तुझं ध्यान ढळलं असतं, म्हनून न भेटताच एसटी धरली.

तुझा आबा

अहिल्यानगर
२५ सप्टेंबर

ती. आबांस,
सा. न. वि. वि. तुमच्यापुढे हात टेकले! घोडेगावाहून येता आणि तोंड न दाखवता जाता? आमची निवड झाली तेव्हा हर्षलची आई त्याला पेढा भरवत होती. सगळ्यांच्या घरचं कुणी ना कुणी होतं. मी मैदानभर बघत होते, आपलं कुणी दिसतंय का. कुणीच नव्हतं. वसतिगृहावर येऊन रडले मी, आबा. आणि तुम्ही पन्नास पावलांवर!

स्पर्धा अकरा ऑक्टोबरला, सकाळी आठ वाजता. पहिल्या रांगेत बसायचं, आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. मोठ्यानं.

लोभ असू द्या, पण झाडाआडून नको.

तुमची नात,
पंकजा