टपालातलं भांडण

प्रभादेवी,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय ॲलॉयशियस,
स. न. वि. वि.

परवा चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तो सोहळा मी टीव्हीपुढून न हलता पाहिला. माझ्या कानांना काही ऐकू येत नाही हे बरंच, निवेदकांची आरडाओरड वाचली. विमानं शेवटची उतरली तेव्हा मला रडू आलं. नलूचं म्हणणं, सख्खा भाऊ गेला तेव्हाही मी एवढा रडलो नव्हतो.

पेपरवाले इतकी वर्षं त्याला उडती शवपेटी म्हणत आले. साठ वर्षं एकच विमान राबवायचं आणि वर त्याच्याच नावाने बोटं मोडायची, ही कुठली रीत? त्याची जागा घेणारं विमान आपण वेळेवर केलं नाही, दोष असेल तर तो आहे. म्हणूनच मी तेजस, तेजस करत असतो. नाशिकला बांधलेलं पहिलं तेजस पुढच्या महिन्यात उडणार असं वाचलंय. आता तू तुझं पालुपद लावशील, की इंजिन अमेरिकेचं, तेही वेळेवर येत नाही, मग ह्यात आपलं काय, रंग? अरे, नवा संसार मांडताना चार भांडी शेजारून आणावी लागतातच. तुझं फ्रेंच राफेल झकास आहे, नाही कोण म्हणतो. पण विकतच्या विमानात बारीकसा बदल करायचा तरी पॅरिसची मर्जी सांभाळावी लागते.

गेल्या रविवारी तुझ्याकडे आलो तेव्हा हे जिभेवर आलं होतं, पण गिळलं. चाळीस वर्षांपूर्वी जग्वार कसं सूर मारतं हे दाखवताना तू चमचा फिरवलास आणि सोरपोतेलचा लाल रस्सा तुझ्या मॉडच्या नव्या टेबलक्लॉथवर सांडलास, तेव्हा तिने फर्मान काढलं की ह्या घरात विमानाचा विषय नाही, भांडायचं तर पोस्टाने भांडा. ती गेली म्हणून आपण तिचं फर्मान मोडायचं की काय?

चौदा तारखेला परळला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. घाबरलोय, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? तुझा हात थरथरतो म्हणून नेरिसा लिहून घेते, तर लेकीला सांग, एकही शिवी गाळू नकोस. ऑपरेशनच्या आधी तुझं उत्तर येऊ दे, आणि त्यात मला चांगला झोडपलेला असू दे.

कळावे. राग असावा, लोभ त्यातच आला.
तुझा,
अण्णा


प्रभादेवी,
२१ ऑक्टोबर २०२५

प्रिय नेरिसा,
सप्रेम नमस्कार.

फोन केला तर आपण दोघी नुसत्या रडत बसू, म्हणून लिहिते. शनिवारी काका गेले आणि आपण त्यांना शिवडीच्या कबरस्तानात पोचवलं, तेव्हा आमचे अण्णा आयसीयूत होते. काल ते घरी आले. ऑपरेशन ठीक झालं, पण नंतर दोन दिवस ठोके फार बिघडले होते. निदान महिनाभर कुठलाही धक्का देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

सासऱ्यांना मी कधी खोटं सांगितलेलं नाही गं. पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी विचारलं की ॲलॉयशियसचं पत्र आलं का. येईल, असं मी म्हटलं. आज सकाळी पुन्हा तेच. तुझे वडील जाऊन अजून आठवडाही झालेला नाही आणि मी हे तुझ्याकडे मागते आहे, मला माझीच लाज वाटते. पण काकांच्या नावाने चार ओळी लिहिशील का? अक्षर तसंही तुझंच असतं. फक्त त्या विमानांवरून वाद घालू नकोस. त्यांचं ब्लड प्रेशर चढतं.

सोबत थोडा फराळ पाठवते आहे. तुमच्याकडे दुःख आहे हे ठाऊक आहे, पण काकांना आमच्या चकल्या आवडायच्या, म्हणून हात थांबला नाही. रागावू नकोस.

तुझी,
अनुजा


खोताची वाडी, गिरगाव,
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय अण्णा,
स. न. वि. वि.

तुझं ऑपरेशन नीट पार पडलं हे अनुजाकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. उत्तराला उशीर झाला, माफ कर. मी बरा आहे. हाताचं आहे तसंच चाललंय. वाडीत कोपऱ्यावरच्या घराला नवा रंग लागला, हिरवा. तुला आवडणार नाही.

नाशिकचं विमान टीव्हीवर पाहिलं. जिंकलास, अण्णा. तुझं विमान फार देखणं आहे.

तू आता विश्रांती घे. मीठ कमी खा आणि जिन्याची घाई करू नकोस. नेरिसा नमस्कार सांगते. नलूवहिनींना माझा नमस्कार.

प्रेम आहेच, ते असंच राहो.
तुझा,
ॲलॉयशियस


प्रभादेवी,
३० ऑक्टोबर २०२५

चि. नेरिसा हिस,
अनेक आशीर्वाद.

बाळ, तुझे पपा गेले ना?

घाबरू नकोस, मी ठीक आहे. अनुजाला बोल लावू नकोस, तिने मायेपोटीच केलं. तुझं पत्र आलं तेव्हा मला आधी आनंद झाला. हिरव्या रंगापर्यंत हसत वाचलं. मग जिंकलास, अण्णा, इथे आलो आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शाळेत कॅरममध्ये हरला तरी बोर्ड तिरका आहे म्हणणारा माणूस तो. तो मला जिंकलास म्हणेल? मी नलूला विचारलं. ती डोळ्यांना पदर लावून आत गेली, तेव्हा आणखी विचारायचं काही उरलं नाही.

चाळीस वर्षं मला त्याच्याकडून हेच ऐकायचं होतं. आता ते कागदावर माझ्यापुढे आहे आणि मला ते नको आहे. घरात सगळे मला हो हो म्हणतात, आजाऱ्याला म्हणतात तसं. मला नाही म्हणणारा तो एकटाच होता. त्याला खांदा द्यायला मी नव्हतो, ह्याचं दुःख मला जन्मभर पुरेल.

पण एक गोष्ट मला खात राहिली आहे. माझ्या पत्राला त्याने उत्तर दिलं नाही. ऑपरेशनला आत नेईपर्यंत मी वाट पाहत होतो. एरवी तो आठवड्याच्या आत माझ्यावर तुटून पडायचा. मी मॉडचं नाव काढलं ते त्याला लागलं का? तो माझ्यावर रागावून गेला का? जे असेल ते खरं लिही. माझं हृदय आता नीट शिवलेलं आहे, ते सोसेल.

तुझा,
अण्णाकाका


खोताची वाडी, गिरगाव,
३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णाकाका यांस,
सादर नमस्कार.

मला क्षमा करा. काल सर्व मृतांचा दिवस होता. शिवडीला जाऊन पपांच्या आणि मम्मीच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. एक तुमच्या वतीने लावली.

पपा तुमच्यावर मुळीच रागावले नव्हते. तुमचं पत्र त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. टेबलक्लॉथची गोष्ट आली की हसत सुटायचे. रोज मला उत्तर सांगायचे आणि रोज ते फाडायला लावायचे. म्हणायचे, ऑपरेशनला निघालेल्या माणसाला एवढं झोडपणं बरं नव्हे, आणि कमी झोडपलं तर अण्णाला वाटेल की मला त्याची काळजी लागली आहे. काळजी तर होतीच, काका. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी ते जेवले नाहीत. ह्या गडबडीत उत्तर राहून गेलं.

नाशिकचं विमान उडालं तो शुक्रवार. पपा टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी मला आवाज बंद करायला सांगितला. अण्णा घरी असता तर त्याने असंच पाहिलं असतं, म्हणाले. विमान वर गेलं आणि वळलं, तसं ते थरथरत्या बोटाने हवेत त्याची रेष काढत राहिले, नोकरीत नकाशे काढायचे तशी. ते गेल्यापासून मला तो हात दिसत राहतो. मग त्यांनी कागद घ्यायला सांगितलं. एक ओळ सांगितली, आणि इंजिनबद्दलचं बाकीचं उद्या लिहू म्हणाले. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते झोपेतच गेले होते.

अनुजाची चिठ्ठी आल्यावर मी त्याच कागदावरून पत्र लिहायला बसले. हिरवा रंग, मीठ, जिना, हे सगळं माझ्या मनाचं आहे. ते सगळं खोटं आहे, काका. जिंकलास, अण्णा, तुझं विमान फार देखणं आहे, एवढंच पपांचं आहे.

त्यांच्यावर होती ती माया आमच्यावर राहू द्यावी.
आपली,
नेरिसा