सहाव्या बटणाचा आवाज

४ डिसेंबर, सोमवार
आज शाळेच्या पियानोने घाम फोडला. खालचं, मधलं सगळं लागलं; वरच्या सप्तकात अडकले. डाव्या कानात तीच शिट्टी — चार महिने झाले, क्षणभर थांबत नाही. दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की आवाज हेलकावे खातो. हेलकावा थांबला की तार लागली. एवढंच तर माझं काम! पण शिट्टी नेमकी त्या हेलकाव्यावर येऊन बसते. शेवटी चक्क अंदाजाने लावून आले. संगीतशिक्षिका छान म्हणाल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोळाला कार्यक्रम. त्याआधी एकदा पुन्हा तारा बघायच्या आहेत. बाहेरून वादक येणार, त्याला अंदाज चालणार नाही.

५ डिसेंबर
कानाचे डॉक्टर — ऐकणं उत्तम, शिट्टीवर गोळी नाही, सवय करा. सवय!

कोणाला सांगायची सोय नाही. पियानो लावणारीच्याच कानात शिट्टी, हे कळलं तर मला बोलावणार कोण? नवऱ्याला तेवढं सांगितलंय. म्हणजे नणंदेला कळलंच. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

८ डिसेंबर
नणंदेने परवा चुंबकाची कानातली आणून दिली. शिट्टी जागच्या जागी. कानाच्या पाळ्या मात्र सुजल्या.

९ डिसेंबर, शनिवार
दोन दुकानं पालथी घातली. पहिल्यात काचेच्या कपाटात एक ‘लहरींचं यंत्र’. किंमत ऐकून शिट्टीसुद्धा दचकली असेल. म्हणे यातून अचूक ४४० कंपनांचा सूर निघतो आणि कानाच्या नसा पूर्ववत होतात. पर्समध्ये ४४०चाच नादकाटा असतोच. गुडघ्यावर आपटला, यंत्राशेजारी धरला — हेलकावे! यंत्राचा सूर उतरलेला होता. विक्रेता म्हणाला, एवढं कोणी ऐकत नाही हो. जे स्वतःच बेसूर, ते माझा कान काय सुधारणार?

दुसरं दुकान श्रवणयंत्रांचं. मालकीणबाई स्वेटर विणत बसलेल्या. माझं ऐकून एक साबणाच्या वडीएवढी डबी पुढे केली. आठ बटणं, आठ आवाज.

"शिट्टी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तिला सोबत मिळेल, मग ती तुमच्या मागे कमी लागेल. पंधरा दिवस वापरून बघा. नाही पटली तर आणून द्या, पैसे देते."

आतापर्यंत जो तो काय होईल ते सांगत होता. काय होणार नाही ते सांगणारी ही पहिलीच. शिवाय दोन पियानो लावले की किंमत निघते. घेतली.

१० डिसेंबर
बटणं दाबून पाहिली. पाऊस — सारखं बाथरूमला जावंसं वाटतं. लाटा — मळमळ. पक्षी — त्यातला एक इतका किरकिरा की त्यालाच सुरात लावावंसं वाटलं.

सहावं बटण. पंख्याची घरघर.

बाबांचं वर्कशॉप! लोकरी नमद्याचा नि चिकट सरसाचा वास, उघडलेल्या पियानोत कमरेपर्यंत वाकलेले बाबा. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि ते या एवढ्याशा डबीत! किती वेळाने शिट्टीची आठवण झाली कोण जाणे. शोधावी लागली. होती, पण शेजारच्या खोलीत असावी तशी. मी रडले. आनंदानेच.

१३ डिसेंबर, बुधवार
शाळेत डबी घेऊन गेले. आणि हे काय आक्रीत! तासभर घरघर ऐकून डबी बंद केली की शिट्टी दोन-तीन मिनिटं रुसून बसते. कान स्वच्छ, धुतल्यासारखा. तेवढ्यात दोन-तीन पट्ट्यांच्या तारा लावून होतात. मग पुन्हा डबी चालू, पुन्हा बंद. दिवस गेला, पण वरचं सप्तक अंदाजाने नाही, ऐकून लावलं. विश्वास बसेना म्हणून सगळ्या पट्ट्या पुन्हा वाजवल्या.

१६ डिसेंबर
वादक शेवटी पार वरच्या टोकाला गेला. एकेक सूर थेंबासारखा.

नंतर त्याने विचारलं, हा लावला कोणी?

१७ डिसेंबर, रविवार
आई आली. स्वयंपाकघरात डबी चालू होती. दारातच थबकली.

"यांचा पंखा कुठून आणलास?"

मग तिचं जुनं गाऱ्हाणं. कडाक्याच्या थंडीतही वर्कशॉपात पंखा चालू, विचारलं तर उत्तर नाही. ती शाल गुंडाळून भांडायची. "तुझं तेवढं ऐकायचे. तू स्टुलावर, बटणापाशी. ते बोट वर करायचे, तू पंखा बंद करायचीस. फक्त वरच्या तारा लावताना. पुन्हा बोट, पुन्हा चालू."

मला वाटायचं, माझा वेळ जावा म्हणून काढलेला खेळ आहे तो.

१८ डिसेंबर
बाबांनाही शिट्टी होती. जन्मभर. कोणालाच बोलले नाहीत, आणि एक तार कधी बेसूर नाही!

डबी परत करून आले. माळ्यावरून बाबांचा पंखा काढला, पुसला. चालतो! नवऱ्याला बटणापाशी स्टुलावर बसवलं, घरच्या पियानोत वाकले आणि बोट वर केलं.