मास्तराविना वर्ग

पौष व. ८, रविवार
कळव्यापलीकडे जाऊन आलो. केळकर मास्तर कल्याणच्या शाळेत गेल्यापासून तिथला वर्ग मी आणि कान्हू म्हात्रे ओढतो आहोत. मास्तराची जागा रिकामीच. आज मिठागरावरचे तरुण झाडून हजर. वाचन, हिशेब, जमीनमोजणी. शेवटी जोर-बैठका, त्यात मी निरुपयोगी. कान्हू याच वर्गात शिकून मराठी शेवटची परीक्षा पास झाला. आठवडाभर तो शिकवतो, रविवारी मी. त्याला वेतन नाही. कागदोपत्री 'मदतनीस'. वर्ग चालवणाऱ्या मंडळीचा चिटणीस मीच, म्हणजे हा शब्दही माझाच.

पौष व. ११
टेंभी नाक्याला रावसाहेबांकडे मंडळीची बैठक. रा.सा. अध्यक्ष, पूर्वी मामलतदार होते, त्या खुर्चीतून अजून उतरले नाहीत. कान्हूला मास्तर नेमा, म्हणालो.
रा.सा. म्हणाले, "वर्ग चालू आहे ना? मग मास्तर हवाय कशाला?"
सगळे हसले. मीही हसलो, हे जास्त झोंबतं आहे. मागून कुणीसं पुटपुटलं, "आगऱ्याच्या पोराला मास्तर म्हणायचं का आता?" ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. मीसुद्धा.
ठरलं एवढंच: रा.सा. स्वतः वर्ग पाहणार. कचेरीतलं इंग्रजी कॅलेंडर पाहून एक रविवार मी सुचवला.

पौष अमावास्या, रविवार
उधाण. वर्ग बंद. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला मिठागरात पाणी घेतात, तेव्हा गावातलं माणूस न् माणूस बांधावर. त्या दिवसांत सुटी, हा पायंडा केळकरांचा. घरी बसून चिडचिड. बायको म्हणाली, "राग तिकडे काढा ना, नाक्यावर." खरं आहे. तिथे आवाज फुटत नाही.

माघ शु. ८, रविवार
वर्ग भरला. मोजणीची साखळी घेऊन पोरं शेतात. कान्हू घुश्शात. मिठागरवाला त्याला मुकादम करतो म्हणतो, या महिन्यात जबाब हवा. थोडं थांब, म्हणालो.
"किती थांबू? तुमी फुकट येता, आमी फुकट राबताव. मंग मास्तर ठेवल कोन?"
रा.सा. हसत बोलले तेच हा चिडून बोलला. मी जाणं बंद केलं तर जागा भरेल? की वर्गच मोडेल? वाटभर हेच.

माघ पौर्णिमा, रविवार
रा.सा.ना टांग्यातून नेलं. वर्गाच्या छपरीत एक कुत्रं झोपलेलं. बाकी कुणी नाही. पुनव! रोजनिशीत तिथी लिहिणारा मी, भेट मात्र इंग्रजी तारखेने ठरवून बसलो. कान्हूलाही कळवलं नव्हतं; देखावा नको, वर्ग असतो तसा दिसावा. काय ही माझी सचोटी!
रा.सा.नी फळ्यावर काठी आपटली. "येतच नाही कुणी. मग मास्तर हवाय कशाला?"
चालला तरी नको, बंद दिसला तरी नको. दूर खाडीकाठच्या खाजणात पोरं दिसत होती, गुडघाभर चिखलात. बोट दाखवलं.
"ते मजूर. मी विद्यार्थ्यांचं विचारतोय."
चिखलात ढकलावंसं वाटलं. हात धरून टांग्यात बसवलं.
आता शंका खाते आहे. पुनव खरंच विसरलो? की हे एकदाचं फसावं, आपली सुटका व्हावी, असं आत कुठे... विसरलोच. बहुधा.

माघ व. ३
ठराव आला. वर्ग पाडव्यापासून बंद. चिटणीसांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल आभार. आभार!
कान्हूला सांगायला गेलो. शिवी हासडली. मला की मंडळीला, विचारलं नाही. मग म्हणाला, "रावसायबांना वर्ग दिसला नाय ना? अष्टमीला भरती नरम असते, पोरं मोकली. त्यांच्याच वट्यावर भरवू."
"अरे, वेडा का तू?"
"तुमी नका येव."

माघ व. ८, रविवार
गेलो.
रा.सा.च्या ओट्यावर सगळा वर्ग. फळा त्यांच्या भिंतीला टेकवलेला. कान्हू शिकवत होता. एकाने खडू पुढे केला, घेतला नाही. पोरांत मांडी घालून बसलो.
रा.सा. बाहेर आले. "चिटणीस, हा काय तमाशा?"
"वर्ग आहे. मास्तर ते." आवाज फुटला. कापला, पण फुटला.
नाक्यावरची माणसं थांबून पाहत होती. रा.सा.नी सगळ्यांवरून नजर फिरवली, कान्हू सोडून. आत गेले. हाकललं नाही. बसा, असंही म्हणाले नाहीत. कान्हूने पुढचं गणित घातलं.
निघताना त्याने विचारलं, "मिठागरवाल्याला उद्या काय सांगू?"
'थांब' ओठांवर आलं होतं. गिळलं. पण 'जा' असंही म्हणवलं नाही.