मागच्या सीटवरची आडवी रेघ

प्रिय हेमाली,

रविवारी तू फोनवर विचारतेस, गोळी घेतलीस का, पाणी येतंय का. मी हो म्हणते आणि पाच मिनिटांत आपलं बोलणं संपतं. आज जे सांगायचं आहे ते पाच मिनिटांत मावणारं नाही. शिवाय फोनवर मी मध्येच विषय बदलेन, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला. अक्षर बिघडलं आहे, बोटं दुखतात. तक्रार करत नाही, माहिती देते आहे.

गेल्या मंगळवारी मी तुझी गाडी बघून आले. तुझ्या काकांचा तो गोदामवाला लेक, दीपेश, जेवायला आला होता. म्हणाला, “काकी, हेमालीताईची गाडी बाजारात आली. आतलं सगळं तिनं केलंय, सीट, कापड, रंग, बटणं. कंपनीनं तिलाही एक दिली आहे.” तू मला यातलं काहीच सांगितलं नव्हतंस. मीही विचारलं नव्हतं, तेव्हा तो हिशेब बरोबरीत सुटला. मी म्हटलं, शोरूम कुठे आहे? तो म्हणाला, ठाण्याला, पण तुम्ही कशाला? मी चप्पल घातली. कशेळीच्या पुलावर कंटेनरांच्या मागे पाऊण तास उभे होतो. तेवढ्या वेळात मी एका जुन्या वहीत विचारायचे प्रश्न लिहून काढले. सतरा झाले.

तिथे विशाल नावाचा मुलगा होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, केस चोपडलेले. त्याने आधी दीपेशलाच किंमत सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, गाडी मला बघायची आहे, याला नाही. मग तो माझ्याकडे वळला. गाडी लहानशी, पिस्त्याच्या रंगाची, गोल डोळ्यांची. मी विचारलं, दिवे गोल का? हल्ली सगळ्या गाड्यांचे डोळे तिरके असतात, कुणावर तरी चिडल्यासारखे. तो म्हणाला, “रेट्रो आहे मॅडम.” रेट्रो म्हणजे? “म्हणजे जुनं, पण नवीन.” मी म्हटलं, जुनं आमच्या शेडमध्ये उभं आहे, त्याची काच खाली करायची तर हँडल फिरवून खांदा दुखतो. तो हसला. “आँटी, तसलं नाय हो. ह्याच्यात जुन्याचा नुसता लूक हाय, त्रास न्हाय.” मॅडमची आँटी झाली आणि त्याची भाषाही घरची झाली. पोरगा आपल्याच भागातला निघाला.

पण त्याचं ते वाक्य मला आवडलं. परत येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. गाडीच्या मधोमध तो मोठा काचेचा पडदा आहे, त्यावर सगळं दिसतं. मग त्याच्याखाली खटके कशाला? मी एकेक खटका दाबून पाहिला. टक्क असा आवाज येतो, आमच्या शाळेतल्या पंख्याच्या बटणासारखा. वेग दाखवायला खरा काटा आहे, आकडे थेट आपल्या फियाटसारखे, चारचा आकडा वरून बंद. डॅशबोर्डला बाहेरचाच पिस्ता रंग आहे, पत्र्याचा भास होतो. मी नखाने टिचकी मारली तर प्लॅस्टिक. स्टिअरिंग बारीक, दोनच दांड्यांचं. ज्यांनी जुन्या गाडीत कधी पाय ठेवला नाही अशी तिशीतली मुलं हे सगळं पैसे मोजून का घेतात? माझा अंदाज असा, की हात लावल्यावर काहीतरी खरंच हललं पाहिजे असं माणसाला वाटतं. बरोबर आहे का, ते कळव. तुझ्या विषयात मी पहिलीतली विद्यार्थिनी आहे.

मग सीट पाहिल्या. रेक्झीन नाही, कापड. गडद लाल आणि सायीच्या रंगाच्या चौकटी, त्यांतून एक बारीक पिवळी रेघ उभी गेलेली. दीपेश बाहेर कुणाशी तरी फोनवर भांडत होता, ते बरंच झालं.

ते कापड तू कुठून घेतलंस हे मी विचारत नाही. तू दुसरीत होतीस. मे महिन्यात फियाटच्या काळ्या रेक्झीनवर बसलीस की मांड्या भाजायच्या, उठताना चरचर आवाज यायचा आणि तू रडायचीस. तुझे बाबा काल्हेर रोडवरच्या आपल्या दुकानात दिवसभर ट्रकच्या गाद्या शिवायचे, पण घरच्या गाडीला त्यांना वेळ नव्हता. तू चौथीत गेलीस त्या सुट्टीत शेवटी मीच भिवंडीतल्या एका कारखान्यातून मागावरचं उरलेलं कापड आणलं. नेमकं साडेपाच मीटर, त्याच जातीचं आणखी मिळणार नव्हतं. बाबा म्हणाले, मी बेततो. मी म्हटलं, गणित मी शिकवते, मी बेतते. ओटीवर कापड पसरलं. तू एक टोक धरून बसलीस. मी कागदावर मापं मांडली आणि खडूने आखून कापत गेले. सात तुकडे झाले आणि आठव्याला कापड लांबीत कमी पडलं. तो तुकडा आडवा फिरवून कापावा लागला. सगळ्या सीटवर पिवळी रेघ उभी, एका ठिकाणी आडवी. मागची, उजवीकडची.

मी म्हटलं, हिने कापड हलवलं. तू टोक धरूनच बसलीस. बाबा त्यांच्या पद्धतीने म्हणाले, “आसूंदे गो, रेघ आडवी हाय, शीट त न्हाय ना आडवी.” पण मी नियमच केला, जिने बिघडवलं तिनेच तिथे बसायचं. तू बसलीस. शाळा, लग्नकार्यं, आजोळ, कायम मागे उजवीकडे.

विशालला मी विचारलं, पाठीमागची उजवी सीट अशी का? रेघ आडवी आहे. तो चमकला. म्हणाला, “आँटी, महिनाभरात तुम्हीच पहिल्या वळखलंत.” मग त्याने मोबाइलवर ट्रेनिंगची सूचना काढून वाचून दाखवली. मागील उजव्या सीटवरील रेघ मुद्दाम आडवी ठेवली आहे, ग्राहकाने विचारल्यास दोष समजू नये असे सांगावे. मी ते दोनदा वाचायला लावलं. मग दार उघडायला सांगून तिथे बसले. त्याने विचारलं, बरी हाय ना? मी म्हटलं, पाठीला आधार चांगला आहे. उरलेले सहा प्रश्न वहीतच राहिले.

घरी येऊन मी शेडमध्ये गेले. भंगारवाला दोनदा येऊन गेला आहे, अजून मी हो म्हटलेलं नाही. गाडीच्या छतावर गोदामांची धूळ इतकी की बोटाने बेरीज करता येईल. मी सीटना टेप लावला, पुढचे-मागचे आठही तुकडे मोजले, आणि बाबांच्या जागी बसून तो हिशेब सव्वीस वर्षांनी पुन्हा मांडला. तो कागद सोबत जोडला आहे.

तू चोवीस वर्षांची असताना बँकेची परीक्षा सोडून गाड्यांच्या डिझाइनसाठी पुण्याला निघालीस, त्या दिवशी ओटीवर उभी राहून मी काय म्हणाले ते तुलाही आठवत असेल. साधं कापड धरता आलं नाही तुला, तू गाड्या काय सजवणार. बाबांनी तुझी बॅग उचलून डिकीत ठेवली. ते तुला कल्याणला सोडायला निघाले. पुढची सीट रिकामी होती, तरी तू मागे बसलीस, उजवीकडे. काच वर होती. काही वर्षांनी बाबा गेले, तू आलीस, तेरा दिवस राहिलीस, सगळं नीट केलंस आणि परत गेलीस. तेव्हाही मी त्या कापडाचा विषय काढला नाही.

आता तो जोडलेला कागद बघ. आठ तुकडे, प्रत्येकाला वरून एक इंच आणि खालून एक इंच शिलाईत दुमडायचा दाब. सोळा इंच. बेरजेत मी तो धरलाच नव्हता, कापताना मात्र सोडत गेले. कापड हललं नव्हतं हेमाली, तू ते घट्ट धरलं होतंस, तुझी बोटं पांढरी झाली होती आणि ती मी पाहिली होती. पाचवा तुकडा कापतानाच माझी बेरीज चुकल्याचं मला कळलं होतं. नवऱ्यासमोर, गणिताच्या बाईला, ते म्हणवलं नाही. शाळेत मी कुणाला चूक खोडू देत नसे. तिच्यावर एक रेघ मारा, चूक दिसत राहू दे आणि शेजारी बरोबर उत्तर लिहा, असं सांगत असे. तसंच लिहिते आहे. चूक माझी होती, आधी कापडातली आणि नंतर ओटीवरच्या त्या बोलण्यातली. येत्या शनिवारी दीपेश मला पुण्याला सोडतो आहे. तुझ्या गाडीतून मला कुठेतरी ने, कुठेही. पुढे बसण्याचा आग्रह करू नकोस. नियम मीच केला होता, जिने बिघडवलं तिने तिथे बसायचं.

तुझीच, बेरीज चुकलेली,
आई