मिठाचा अंदाज

१५ एप्रिल
काल जयंती. विहारात सगळ्या माझ्याशी गोड बोलल्या. "बरं आहे ना आता?" हळूच, शेजारी कुणी झोपल्यासारखं. टायफॉईड झाला असता तर मोठ्यानं विचारलं असतं. मनाचा आजार म्हणून आवाज खाली.
दवाखान्यातून येऊन महिना झाला. अंबरपेठेत लोणच्याच्या कैऱ्या आल्यात. खालच्या राजेश्वरीअक्कांना विचारलं, गच्चीवर कधी बसायचं? दरवर्षी बिल्डिंगमधल्या आम्ही चौघी मिळून आवकाय, कैरीचं तिखट लोणचं, घालतो, मीठ माझ्या हातचं. अक्का म्हणाल्या, "इस साल तुम आराम करो ना जी." आराम करून करून पाठ दुखायला लागली.

१८ एप्रिल
झोप बरी. कांदा चिरायला सुरी सापडेना. विळीही नाही. सासूबाई म्हणाल्या, "मीच ठेवली कपाटावर. काय चिरायचं ते सांग, मी चिरते." मी काय कुणाच्या अंगावर धावून गेले होते? नुसती रडायचे, जेवायचे नाही, म्हणून दवाखान्यात नेलं.
झाकण आपटलं. बाहेरून ह्यांचा आवाज, "गोळी घेतलीस का?" पूर्वी झाकण आपटलं की हे म्हणायचे, बाईसाहेब तापल्या. आज मीही बाहेर जाऊन सांगितलं, "घेतली. आणि चिडलेही आहे. दोन्ही." हे पेपर उघडून बसले.

२३ एप्रिल
सकाळी मोहरीच्या पुडीचा वास आला. गच्चीवरून. कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गेले. तिघी परातीभोवती. मला बघून बोलणं बंद. अक्कांनी सरकून जागा केल्यासारखं केलं, पण बस म्हणाल्या नाहीत.
मीठ कमी पडत होतं. दिसत होतं मला. बोलले असते तर म्हणाल्या असत्या, हिचं परत सुरू झालं. गप्प चादर झटकली आणि खाली आले. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नळ सोडला नसता तर सासूबाईंनी ह्यांना ऑफिसात फोन केला असता.
एवढंच हवंय मला, परातीत हात घालायला. काही फार मागत नाही.

२५ एप्रिल
डॉ. बाईंकडे. सोबत हे. म्हटलं, राग येतो फार. बाईंनी विचारलं, कशाचा? परातीचं सांगितलं. म्हणाल्या, "मलाही आला असता." ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या. हे पंख्याकडे बघत होते. घरचं सगळं अळणी लागतं म्हटलं, तर म्हणाल्या, गोळ्यांनी कधी कधी तोंडाची चव बदलते, येईल परत.
येताना ह्यांनी स्कूटर काचीगुड्याला घराकडे न वळवता बेगम बाजारात घातली. मिरचीच्या दुकानासमोर उभे राहून विचारतात, "किती घ्यायची असते?" लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. मी भरभरून सांगितलं. भाव करायला मात्र विसरले नाही.

२६ एप्रिल
सासूबाईंनी सुरी काढून ओट्यावर ठेवली. स्वतः वेताचा मोडा घेऊन दारातच बसल्या. सगळ्या कैऱ्या होईपर्यंत उठल्या नाहीत, दुपारची मालिकासुद्धा सोडली. नंतर सुरी धुतली, पुसली, परत कपाटावर.
पण परात माझी होती. कोपरापर्यंत हात लाल. फार बरं वाटलं.

२८ एप्रिल
तिसरा दिवस, लोणचं ढवळायचा. चाखलं तर अळणी. मीठ वाढवलं. परत चाखलं, परत वाढवलं. सासूबाईंना भातावर दिलं. "छान झालंय." बस्स. ह्या बाईनं आजवर माझ्या कुठल्या लोणच्याला छान म्हटलंय? हेही म्हणाले, "मस्त." आणि तांब्याभर पाणी प्यायले.

२ मे
अक्कांसाठी वाटीत काढून ठेवलं होतं. पाणी प्यायला गेले तर सासूबाई मोरीत पाठमोऱ्या. लोणच्याची फोड नळाखाली धरून धूत होत्या. मला बघून हात मागे.
म्हटलं, "आई, खरं सांगा."
"काय सांगू? चांगलंय की."
"मग धुता काहून?"
नळ बंद केला. मग एकदम सुटल्या. "खारट झालंय! तोंडात घालवत नाही. मिठाचं पोतं रिचवलंस का त्यात? एवढ्या चांगल्या कैऱ्या, महागाची मिरची, सगळ्याची माती केली!" पूर्वीसारख्या, हात नाचवून. मधेच भानावर आल्या. घाबरून माझं तोंड बघायला लागल्या.
मला हसू आलं. रडूही. म्हटलं, बोला, थांबू नका. दवाखान्यातून आल्यापासून मला ह्या घरात कुणी रागावून एक शब्द बोललं नव्हतं.
"वेडी कुठली," म्हणाल्या, आणि जीभ चावली. मी म्हटलं, असू द्या.

३ मे
तिखट-मोहरी आहे शिल्लक. आणखी कैऱ्या आणून बिनमिठाच्या त्यात मिसळल्या तर वाचेल, असं सासूबाईंचं म्हणणं. चव त्या बघणार, हात माझा. हे आणायला गेलेत.
अक्कांची वाटी दिलेली नाही. नवीन जमलं की देईन, आणि खारट झालं होतं हेही सांगेन. त्या काय म्हणतील कोण जाणे.
कैऱ्या येतीलच आता. सुरी कपाटावर आहे. माझा हात पोचतो. पण मी घेणार नाही, सासूबाईंना मागणार आहे. बघू, आज दारात बसतात का.