चादरीचं दुसरं टोक

प्रिय लंबू,

तू फोन बंद करून ठेवलास, म्हणून हा कागद. ताटाखाली दुमडून ठेवतेय. ताट नाही घेतलंस तरी कागद घे, एवढं ऐक. तुझा रिपोर्ट चांगला आला, डॉक्टरांनी खाली यायला सांगितलं, त्याला आता बरेच दिवस झाले. पण गच्चीवरच्या खोलीची कडी तू आतून लावलीस ती लावलीसच. आई जिन्याच्या पायरीवर बसून असते आणि मला विचारते, बरा झालाय ना गं तो? मी हो म्हणते. थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, तुला ठाऊकच आहे, पण ही एक थाप हल्ली जड जाते.

रागावायला लिहीत नाहीये. आमच्या लॉन्ड्रीत जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, आणि माझं बोलणं मध्येच न तोडता ऐकणारा तू एकटाच. आता तर कोंडून घेतलंयस, पळून जाशील कुठं?

साथ सुरू झाल्यापासून हॉस्पिटलच्या चादरींना अंत नाही. त्यात अंतर ठेवायचा नियम आला आणि जोडीनं घडी घालणं बंद झालं, कारण टोकं जुळवायला जवळ यावं लागतं. जी ती आपापल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून. पूर्वी आमच्या हॉलमध्ये मशीनपेक्षा बायकांचा आवाज मोठा असायचा. आता नुसता ड्रायरचा घरघराट. मग साहेबांनी सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकायला लावलं. कामगारांच्या मनासाठी म्हणे. आमच्यातली शिट्टी म्हणाली, मनाचं काय घेऊन बसलात, आधी धड हातमोजे द्या. (दिवसभर शिट्टी वाजवायची म्हणून तिचं हे नाव; मास्क आला तसं तेही बंद पडलं.)

ते ॲप रोज विचारायचं, आज कसं वाटतंय? खाली तोंडं काढलेली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. शिट्टी न बघताच हसरं दाबून मोकळी व्हायची. एके दिवशी तिनं रडकं दाबलं, बघू तरी काय करतंय म्हणून. फोनवर अक्षरं उमटली, “सांगितलंत, बरं केलंत.” बस्, एवढंच. आणि आमची ही दांडगट बाई ट्रॉलीला टेकून हमसून हमसून रडली रे. घर माणसांनी भरलेलं, पण तिला कसं वाटतंय हे एकानंही विचारलं नव्हतं. मला नवल वाटलं ते त्या वाक्याचं. कुणीतरी कुठंतरी बसून, कधी न पाहिलेल्या बाईसाठी ते आधीच लिहून ठेवलं होतं. तो फोन हातात घेऊन मी कितीतरी वेळ बघत राहिले.

त्याच ॲपमध्ये एक गोल आहे. तो मोठा होताना श्वास घ्यायचा, लहान होताना सोडायचा. खरं तर हे एकट्यानं, शांत बसून, कानात वायर घालून करायचं. आम्हाला कुठं माहीत, आणि बसायला वेळ कुणाला? शिट्टीनं फोन पारदर्शक पिशवीत घालून सगळ्यांना दिसेल असा खांबाला टांगला, आवाज मोठा केला, आणि आम्ही काम करता करताच श्वास घ्यायला लागलो. आता तूच सांग, हातात चादर असताना श्वास आला की हात आपोआप वर जाणार की नाही? एकटीला ती लांबलचक चादर पेलवेना. शिट्टीनं माझ्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि मागे मागे गेली. तेव्हा लक्षात आलं, नियमातलं अंतर म्हणजे आमची एक चादर! ताणून धरली की त्याहून जवळ येताच येत नाही. आडव्या घड्या लांबूनच घालायच्या, शेवटची तेवढी एकीनं टेबलावर. बघता बघता सगळ्यांच्या जोड्या लागल्या.

लंबू, काय सांगू तुला. गोल मोठा झाला की हॉलभर पांढऱ्या चादरी एकदम वर जायच्या, लहान झाला की एकदम खाली. कुणी बोलत नव्हतं, पण अख्खा हॉल एकच श्वास घेत होता. अंगावर काटा आला माझ्या. एवढी वर्षं तिथं राबतेय, असलं काही मी बघितलं नव्हतं.

आमच्या हॉलमधली मावशी मात्र कोपऱ्यातच होती. तिची घडीची जोडीदारीण साथीत गेली. तेव्हापासून ती चादरीला हात लावायची नाही, नुसते उशांचे अभ्रे करायची. मी एक चादर उलगडली, टोक तिच्या टेबलावर टाकलं आणि माझं धरून उभी राहिले. गोल मोठा झाला, लहान झाला, परत मोठा झाला. आणि मग माझ्या हातातलं कापड ताठ झालं. मान वर करायची गरजच पडली नाही, हाताला कळलं पलीकडे माणूस आलंय.

गोलाभोवती ठिपके चमकतात. एकेक ठिपका म्हणजे त्याच घटकेला श्वास घेणारा एकेक कामगार, नर्स, झाडूवाला, ड्रायव्हर, कुणीही. नावं नसतात. केवढे ठिपके असतात ते, बघतच राहावं. तुमच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही हेच ॲप दिलंय, मला माहितीये. रोज एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून मी म्हणते, हा आमचा लंबू असेल. तुझा फोन बंद आहे हे ठाऊक असूनही म्हणते.

तुझ्या गाडीत मागे पेशंटजवळ बसणारा तुझा जोडीदार गेला. मागून आता त्याचा आवाज येणार नाही, म्हणून तुला ती गाडी नको, जिना नको, आम्ही नको. त्याची जागा भरून दे असं कोण म्हणतंय? मावशीनंही भरली नाही. उद्या सकाळी ड्यूटी संपली की मी घरातली मोठी चादर घेऊन वर येईन आणि एक टोक दाराखालच्या फटीतून आत सरकवीन. दार उघडू नकोस, बोलूही नकोस. नुसतं धर. तू धरलंस की माझ्या हाताला कळेल, आणि मग आईला मी ‘हो, बरा झालाय’ म्हणेन ते खरं असेल.

उद्या दाराबाहेर टोक धरून उभी राहणारी,
तुझीच ताई